काचेवरचे तीन हात

काशा,

तुझी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात कुंपणाला लावून ठेवली होती. सुनंदा वहिनींना कागदांवर सह्या करायच्या होत्या, म्हणून मी सोबत गेलो. त्या आत बसल्या आणि मी बाहेर पावसात उभा राहिलो. गाडीची उजवी बाजू पाहायची नाही, असं घरून ठरवूनच निघालो होतो. पण डावा हेडलाइट शाबूत होता आणि तो थेट माझ्याकडे बघत होता. पिवळट-पांढुरका, जुनाट दातासारखा.

एक हवालदार छत्री घेऊन माझ्याजवळ आला. चांगला माणूस. त्याची भाची तुझ्या वर्गात होती म्हणाला. मग सहज म्हणून त्याने सांगितलं, की ट्रकवाला अजून एकच गोष्ट धरून बसलाय: "सामने से बत्ती दिखी ही नहीं, साहब." सगळेच ड्रायव्हर असं बोलतात, हवालदार म्हणाला. पंचनाम्यात दाट धुकं लिहिलंय, तेच खरं.

आपल्याकडे जुलैच्या धुक्यावर कुणी शंका घेत नाही. मीही मान हलवली. पण काशा, अख्ख्या तालुक्यात त्या ट्रकवाल्यावर विश्वास असलेला मी एकटाच माणूस आहे. तो खोटं बोलत नाहीये. खोटं मी बोललो होतो. आणि ते तुझ्याशी बोललो होतो.

तुला शोकसभेत सगळ्यांनी आदर्श शिक्षक वगैरे म्हटलं. मलाही बोलायला उभं केलं. मी तुझ्या हस्ताक्षराबद्दल काहीतरी बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. जे बोलायचं होतं ते इथे लिहितोय.

गेल्या वर्षीचा मे आठव. शाळेला सुट्टी, आणि आपल्या दोघांच्याही गाड्यांच्या काचा दुधाळ झालेल्या. एक आठवडा तुझी गाडी, एक आठवडा माझी, असं आपण जव्हारवरून मोखाड्याला किती वर्षं गेलो. तुझी शाळा रस्त्यावर, माझी तिथून चार किलोमीटर आत. मला सोडून मग तू मागे फिरायचास. दोन्ही गाड्या जुन्या बाजारातून घेतलेल्या, दोन्ही एकाच वयाच्या. नाशिकच्या गॅरेजवाल्याने हेडलाइटच्या नव्या जोडीचा भाव सांगितला, तेव्हा तू त्याला हात जोडलेस आणि म्हणालास, एवढ्यात म्हैस येईल, आणि ती अंधारात पण घरी येते.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. चार रात्री बघितले आणि तुझ्यापुढे तज्ज्ञ झालो. घरच्या घरी होतं म्हणालो. पॉलिश पेपर, टूथपेस्ट आणि शेवटी मारायला एक स्प्रेचा डबा. तो जव्हारला मिळत नव्हता. मी नाशिकला लग्नाला गेलो होतो, तिथून आणला. एकच आणला. दोन गाड्यांना पुरतो, असं दुकानदार म्हणाला होता.

साखरशेतला तुझ्या अंगणात आपण दोन्ही गाड्या समोरासमोर लावल्या. काचेच्या कडेने चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. आधी आठशे नंबरचा पेपर, मग हजार, मग दोन हजार, आणि सतत पाणी. काचेवरून पिवळट चिखल ओघळत होता. मे महिना, गावाची बोअर दमलेली, आणि आपण कळशीवर कळशी ओततोय. तुझी आये ओट्यावर बसून गुडघ्याला मोहाचं तेल चोळत होती. ती म्हणाली, "गाडीला पानी पाजता, आन म्हस तोंड वर करून बघतं." तू म्हणालास, आये, म्हशीचा भाव आम्ही नाशिकला विचारून आलोय. मी हसून पेपर पाण्यात पाडला.

टूथपेस्ट संपली तेव्हा आयेनेच तुसाची राख आणून दिली. तिने स्वतः ओल्या फडक्याने तुझ्या गाडीची काच घासली, ताट घासावं तशी, गोल गोल. राखेने काही बिघडलं नाही, काशा. हे मी मुद्दाम लिहितोय. राख बारीक होती, काच स्वच्छच झाली. जे बिघडलं ते त्यानंतर.

नव्या काचेवर कंपनीने दिलेला एक पातळ थर असतो. ऊन तोच अडवतो. आपण घासतो तेव्हा पिवळेपणाबरोबर तो थरही निघून जातो. म्हणून शेवटी स्प्रेचे तीन हात मारायचे, एक वाळला की दुसरा. ते केलं नाही तर काच पहिल्यापेक्षा लवकर मरते. तुला हे मीच समजावून सांगितलं होतं, खडू हातात असल्यासारखं बोट नाचवत. तू म्हणालास, म्हणजे कातडी सोलली, आता नवी कातडी घालायची. मी म्हणालो, बरोबर.

आधी तुझ्या गाडीला मारू, असं मी म्हणायला हवं होतं. अंगण तुझं, पाणी तुझं, राख तुझ्या आईची. पण मी म्हणालो, आधी माझ्यावर करून बघतो, बिघडलं तर माझं बिघडेल. हे तेव्हा मोठ्या मनाचं वाटलं. माझ्या डाव्या काचेवर तीन हात नीट बसले. उजव्या काचेवर स्प्रे जवळून धरला गेला आणि ओघळ आला. मी तो पुसला, पुन्हा घासला, पुन्हा तीन हात दिले. डबा हलका झालाय, हे हाताला कळत होतं. मी थांबलो नाही. माझी काच आरशासारखी व्हायला लागली होती आणि मला ती तशीच हवी होती.

तू बोअरवर पाणी आणायला गेला होतास. आये आत. मी तुझ्या गाडीसमोर बसलो, बटण दाबलं, आणि डब्याने नुसता फुस्स असा आवाज केला. डाव्या काचेवर थोडा धुरळा बसला, तेवढाच. उजवीवर काहीच नाही. मी डबा उलटा करून आपटला. मग ओट्यावर आयेची तेलाची बाटली दिसली. फडक्यावर थोडं घेतलं आणि दोन्ही काचांवर फिरवलं. काशा, त्या माझ्या काचांपेक्षा जास्त चमकल्या.

मनात इतकंच होतं, की पुढच्या आठवड्यात दुसरा डबा आणू आणि तेव्हा सांगू. तेवढ्यात तू दोन कळश्या घेऊन आलास. खाली ठेवल्यास, वाकलास, काचेत स्वतःचं तोंड बघितलंस आणि मग माझ्याकडे पाहून विचारलंस:

"तीन हात मारलेस?"

मी म्हणालो, "तीन."

"बेस झाला, शेट," तू म्हणालास.

मला शेट म्हणणं ही तुझी जुनी टवाळी. माझ्या वडिलांचं जव्हारच्या बाजारपेठेत किराण्याचं दुकान होतं म्हणून. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वर्गातली पोरं दोन महिने माझ्याशी बोललीच नव्हती. मी राजीनाम्याची भाषा करत होतो. तू एका शनिवारी माझ्या शाळेत आलास, जमिनीवर बसलास आणि पोरांना विचारलंस, काय रं, शेट चावतं का? सगळा वर्ग हसला. मग तू मला त्यांच्या बोलीतले वीस-पंचवीस शब्द वहीत लिहून दिलेस. माझी सगळी नोकरी त्या एका पानावर उभी आहे. हे तुला कधी म्हणालो नाही. तू म्हणाला असतास, शेट, व्याज लावू नको.

तो पुढचा आठवडा आला नाही. पहिल्याच पावसात तेल धुऊन गेलं. दिवाळीपर्यंत तुझ्या काचा पिवळ्या झाल्या, होळीपर्यंत पांढुरक्या आणि खरखरीत. माझ्या तशाच स्वच्छ. गाडीत बसताना तू दोन्हींकडे बघायचास आणि विचारायचास, एकाच डब्यातल्या ना रे? मी म्हणायचो, तुझी गाडी अंगणात उन्हात असते, माझी छपराखाली. तू म्हणायचास, ऊन काय जात बघून पडतं का. मी म्हणायचो, तुझ्या कंपनीचं प्लास्टिक हलकं. तू म्हणायचास, गाडी एकाच कंपनीची आहे, शेट. मग मी खिडकीबाहेर बघायचो. हा वाद आपण वर्षभर घातला. कधी घाटात, कधी मोखाड्याच्या नाक्यावर वडा खाताना. तुझ्या आठवड्यात सकाळच्या धुक्यात मी तुझ्या शेजारी बसलेला असायचो आणि समोरचा उजेड दहा पावलांवर सांडून संपायचा. तू काचेजवळ तोंड नेऊन गाडी हाकायचास. मी तुला डबा आणून देऊ शकत होतो. दुसरं काही कारण सांगूनही देऊ शकत होतो. पण डबा आणला असता तर तू विचारलं असतंस, कशाला? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी दोनदा नाशिकला जाऊन रिकाम्या हाताने आलो.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. आठवडा तुझा. मला ताप होता. तू फोन केलास तेव्हा मी पांघरुणातूनच बोललो. तू म्हणालास, झोप, तुझ्या पोरांना मी परवचा म्हणायला लावून येतो. हे आपलं शेवटचं बोलणं. मोखाड्याच्या अलीकडच्या उतारावर, उजाडल्यावरच्या दाट धुक्यात, समोरून येणाऱ्या ट्रकला तुझी गाडी दिसली नाही.

दिवे फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतात, हे मी चार रात्रींच्या व्हिडिओत ऐकलं होतं. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतात. ते तुला सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही.

आता मी एकटा जातो. माझे दिवे लावले की धुकं पांढरं उजळतं, आणि मला ते बंद करावेसे वाटतात. समोरून गाडी आली की आधी तिच्या काचा बघतो. पिवळे, मंद दिवे दिसले की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि ती गाडी शेजारून जाईपर्यंत मला वाटत राहतं, आत तू असशील. एकदा वाहन पार गेलं तरी मी थांबूनच होतो. मागच्या एसटीने हॉर्न दिला. मोखाड्याच्या नाक्यावर जीप उभ्या असतात. मी रुमाल ओला करून त्यांच्या काचा पुसत होतो. जीपवाल्यांनी आधी चेष्टा केली. गुरुजी, पगार पुरत नाय का? नंतर त्यांना तू आठवला असशील. ते गप्प झाले आणि मला पुसू दिलं. ते गप्प होणं मला सहन झालं नाही.

एवढंच असतं तर मी हे पोटात ठेवलं असतं, हे तुला खरं सांगतो. मी तसा माणूस आहे. पण तुझ्या दिवसांना आलो तेव्हा आये कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती. पाऊस लागल्यावर पहिली कोळीची भाजी रानातून आणली होती. देवाला दाखवल्याशिवाय ती आपल्याकडे कुणी तोंडात घालत नाही. त्या दिवशी तुला शाळेची घाई होती. तू चुलीपाशी येऊन म्हणालास, आये, वास सुटलाय, दे थोडी. आणि तिने दिली. देवाच्या आधी तुला दिली. म्हणून देवाने तुला नेलं.

बायका मान हलवत होत्या. कुणी तिला नाही म्हणालं नाही. म्हातारीच्या पुढ्यातलं ताट तसंच होतं. वहिनी म्हणाल्या, त्या दिवसापासून ती नावाला चार घास खाते, तेही कुणी भरवले तर. म्हणते, ज्या हातानं वाढलं त्या हातानं कसं जेवू. मी तिच्यासमोर बसलो. माझ्याकडे उत्तर होतं. मी तिचे पाय धरले आणि उठून आलो.

ठाण्यातून परत निघालो तेव्हा वहिनी माझ्या गाडीत शेजारी बसल्या होत्या. वायपर चालू होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, वहिनी, त्यांच्या गाडीच्या काचांचं मला काही सांगायचंय.

"तेलाचं ना?" त्या म्हणाल्या.

मी गाडी बाजूला घेतली.

तुला त्याच दिवशी कळलं होतं. पुसायला म्हणून काचेवर बोट फिरवलंस, घरात येऊन हुंगलंस आणि हसत सुटलास, म्हणे. शेटने आयेच्या गुडघ्याचं तेल गाडीला चोळलंय. वहिनी म्हणाल्या, मग विचारा त्यांना. तू म्हणालास, विचारणार नाही, तो सांगेल, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"वर्षभर राहिलं," मी म्हणालो.

वहिनी समोर बघत होत्या. म्हणाल्या, मीही दिवाळीला म्हटलं होतं, तुम्हीच आणा तो डबा. तर म्हणाले, ज्याने अर्धं सोडलंय त्यानेच पुरं करायचं.

म्हणजे एकाच डब्यातल्या ना, असं तू वर्षभर विचारत होतास, ते तुला माहीत असताना. दर वेळी तू मला दार उघडून देत होतास आणि मी उन्हाची जात सांगत होतो. काशा, मला तुझा रागही आला. हा काय हट्ट होता? पोरांची उत्तरं अशी वाट बघून काढून घ्यायचास, ते ठीक. पण घाटात? माझ्या खरेपणावर तू स्वतःचा जीव कशाला टांगलास? याचं उत्तर तू देणार नाहीस. तो वाद तसाच राहिला, आणि पहिल्यांदाच माझी बाजू बरोबर आहे, आणि मला ती नको आहे.

मी वहिनींना म्हणालो, मला माफ करा. त्यांनी पदराने काचेवरची वाफ पुसली.

"मला सांगून तुम्ही मोकळे व्हाल, भाऊजी," त्या म्हणाल्या. "घरात ती बसलीय, तिचं काय? तिला सांगा."

पहिल्या रविवारी गेलो. आयेने ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मी सांगितलं, आये, भाजीने काही झालं नाही, दिव्यांमुळे झालं, आणि दिवे माझ्यामुळे बिघडले. डबा पुरला नाही, मी तेल लावलं. ती ऐकत राहिली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मना बरा वाटाया सांगस तू. लय चांगला आहेस, पोरा." मी रस्त्यावर येऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. आयुष्यभर लहानसहान खोटं बोललो, ते लोकांनी खरं मानलं. हे एक खरं बोललो, तर ते दयेपोटी बोललेलं खोटं ठरलं.

दुसऱ्या रविवारी सगळं पुन्हा, सावकाश. पेपरचे नंबरसुद्धा सांगितले. ती म्हणाली, तेलाने कुणी मरतं का? तेल तर अंगाला चांगलं. तिने चहा ठेवायला लावला. हात अजून बारीक झाला होता, बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. निघताना पुन्हा तो हात माझ्या डोक्यावर.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की दोन्ही वेळा मी एक गोष्ट गाळली होती. डबा सांगितला, तेल सांगितलं, ऊन, पाऊस, सगळं सांगितलं. हे सगळं चूक म्हणून सांगता येतं. चुकीला आये चूकच म्हणणार. जे चूक नव्हतं, ते मी तिच्यापासूनही लपवत होतो.

काल तिसरा रविवार. पाऊस थांबला होता. आयेने नेहमीसारखा पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मी पाण्याला हात लावला नाही. म्हणालो, आये, त्याने मला विचारलं होतं. तीन हात मारलेस का म्हणून. मी हो म्हणालो. मारले नव्हते.

ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्यानं इचारला तुला?"

"हो."

"तुझे तोंडाकडं बघून?"

"हो, आये. इथेच. या अंगणात."

आत वहिनींची हालचाल थांबली होती. मग आयेने हात पुढे केला. मला वाटलं डोक्यावर येतोय, आणि मी मान खाली घातली. तिने माझ्यासमोरचा तांब्या उचलला आणि आपल्या बाजूला ठेवला. आपल्याकडे दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात, काशा. तू मला हे पहिल्या वर्षीच शिकवलं होतंस.

"जा आता," ती म्हणाली.

मी उठलो. चपला घातल्या. अंगण ओलांडून गाडीपर्यंत आलो, दार उघडलं. तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, घोगरा, पण मोठा. ती वहिनींना हाक मारत होती.

"सुनंदा, मना वाढ."